उसनी साक्ष

३ फेब्रुवारी

आपल्या मंडळीच्या सभासदवहीतून ज्यांची नावं खोडली गेली त्या सर्वांना,

मला धरून आपण तेवीस जण आहोत. प्रत्येकाला कधी ना कधी एक तपकिरी पाकीट आलं. आत शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात तीन ओळी होत्या. मला माझ्या पाठ आहेत, तुम्हालाही तुमच्या असतील. "सभेच्या निर्णयानुसार आपले नाव सभासदवहीतून कमी केले आहे. आपण विचारायला आलात तर दार उघडे आहे. आपला पाळक." विचारायला, म्हणजे "मला परत घ्या" म्हणायला. नाव गेलं ते कोणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलं म्हणून, कोणी दारूच्या दुकानात नोकरी धरली म्हणून, कोणी सभेत तोंड उघडलं म्हणून.

आपण बॅप्टिस्ट. आपल्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाही. माणसाने कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने आपला विश्वास सांगायचा, मंडळीने हात वर करून तो मान्य करायचा, मग व्यासपीठाखालच्या हौदात डोक्यासकट बुडून वर यायचं. आपल्याला कोणी उचलून आत नेलं नव्हतं, आपण आपल्या पायांनी गेलो होतो. म्हणून बाहेर काढल्याचं जास्त लागलं. ज्यांच्याबरोबर वीस-वीस वर्षं एका बाकावर बसलो त्यांनीच हात वर केले, आणि दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने गेले.

हा पाळक माझा सख्खा भाऊ आहे. त्याचं अक्षर मला पाकीट न उघडताही ओळखू येतं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा निरोप समारंभ आहे. एक्केचाळीस वर्षांच्या सेवेची पुस्तिका निघणार आहे. किती बाप्तिस्मे दिले, किती लग्नं लावली, किती जणांना मूठमाती दिली याचे आकडे तिच्यात येतील. किती जणांना हाकललं याचा येणार नाही. तो मी सांगणार आहे.

तुमचं ते तीन ओळींचं पत्र मला पाठवा. समारंभाच्या दिवशी मागच्या दारात उभी राहून मी एकेक वाचणार आहे. बिस्किटांच्या कारखान्याच्या फाटकावर पाचशे बायकांपुढे मी माइकशिवाय बोलले आहे, त्यामुळे ऐकू जाईल का ही चिंता नको.

तुमच्यातलीच,
भोंगाबाई

ता. क. एक प्रत पाळकांच्या घरीही पाठवते आहे. पाठीमागून वार करायची मला सवय नाही.


११ फेब्रुवारी

आत्या,

पत्रक मिळालं. घरी टपाल बाबा उघडतात, म्हणून आधी त्यांनीच वाचलं. चहा गार होईपर्यंत दोनदा वाचलं. मग पेन्सिलीने "तेवीस"वर काट मारून वर "एकतीस" लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, तिला खरा आकडा कळव, आठ जण तिच्यानंतरचे आहेत.

तर कळवला.

आता माझं ऐक. तू त्या दिवशी येऊ नकोस. मी बाबांची बाजू घेत नाही, पण त्यांचं काहीतरी बिघडलंय. पुस्तिकेसाठी कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळींनी त्यांची साक्ष मागितली आहे. म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते एका पानात लिहून द्यायचं. चाळीस मिनिटांचा उपदेश शुक्रवारी दुपारपर्यंत हातावेगळा करणारा माणूस तीन आठवडे कोऱ्या कागदापुढे बसून उठतो. एक ओळ झालेली नाही. काल तर कागदावर नुसती तारीख होती, तीही मागच्या महिन्यातली.

दुसरं म्हणजे हौद. या वर्षी बाप्तिस्म्याला कोणीच नाही. तरी बाबांनी व्यासपीठाच्या फळ्या काढायला लावल्या, प्लंबरला बोलावलं आणि स्वतः टॉर्च घेऊन, मोज्यांनिशी, आत उतरून गळती शोधली. प्लंबरने मला बाजूला घेऊन विचारलं, साहेबांना बरं आहे ना? सगळ्यांत जुने डीकन, आपले किल्लीवाले काका, दुकान बंद करून माझ्या वर्कशॉपवर आले. मी चष्म्याच्या काचा घासत होते, तर मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, डॉक्टरांना दाखव, समारंभापर्यंत कसंतरी सांभाळ.

दाखवलं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. बाबा दोनपर्यंत आले आणि म्हणाले, शून्याच्या खाली जाऊ का? डॉक्टर म्हणाले डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे. पण मी घरात राहते, मला दिसतं. काहीतरी पुसलं जातंय.

आलीसच तर पुढच्या दाराने ये आणि गप्प बस. हे तुला जमण्यासारखं नाही हे मला माहीत आहे.

तुझी भाची


१६ फेब्रुवारी

पोरी,

आकडा सुधारल्याबद्दल त्याला धन्यवाद सांग. आयुष्यभर माझ्या चुका काढत आला, ही एक बरोबर काढली.

चौदा पत्रं आली. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवते. बसड्रायव्हर आठवतो ना, एका कानाने कमी ऐकणारा? सासरच्यांनी अट घातली म्हणून बाप्तिस्मा घेतला, मनात काही नव्हतं, असं त्याने दोन वर्षांनी कबूल केलं. तुझ्या बाबांनी सभेत सांगितलं, विश्वास आधी आणि पाणी नंतर. क्रम उलटा असेल तर तो बाप्तिस्मा नव्हे, ती आंघोळ. नाव कमी. ड्रायव्हर लिहितो, "बायको अजून टिकून आहे. बाप्तिस्मा दोन वर्षांत संपला."

शिवणकामवालीने मात्र पत्र दिलेलं नाही. ती म्हणते, आधी कशाला हवं ते नीट सांग. तुझे बाबा म्हणे दर सहा महिन्यांनी तिच्याकडे पँट आखूड करायला नेतात. एका माणसाला एवढ्या पँटी आखूड करायला कशा लागतात देव जाणे. कपडे परत घेताना विचारतात, "विचारायला येणार का?" ती म्हणते, "नाही." ते म्हणतात, "बरं." एकोणतीस वर्षं हेच चाललंय. असा माणूस आपल्याला कळत नाही, असं तिचं म्हणणं. मलाही कळत नाही.

तिच्याचसाठी मी तेव्हा सभेत उभी राहिले. नवरा हिला टाकून गेला, दुसरीबरोबर राहिला, आणि सात वर्षांनी हिने लग्न केलं तर गुन्हेगार ही. मी बारा मिनिटं बोलले. दादा अध्यक्षाच्या खुर्चीत होता. त्याने मला मध्ये तोडलं नाही, पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, मंडळीच्या सभेत स्त्रीने बोलू नये असं शास्त्र सांगतं, तेव्हा हे नोंदवून घेऊ नये. बारा मिनिटं, आणि नोंद शून्य. मी म्हटलं, मग मी पुन्हा पुन्हा बोलेन. तीन आठवड्यांनी पाकीट आलं.

साक्ष लिहिता येत नाही म्हणतेस, त्याचं मला हसू आलं. त्याला ती लहानपणीही आली नव्हती. आमचा दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. मी नऊ, तो अकरा. आमच्या वडिलांनी सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं की दोघंही तयार आहेत. आठवडाभर आधी साक्ष ऐकायला मंडळीच्या वडीलजनांनी आम्हाला एकेकाला मागच्या खोलीत बोलावलं. लहान म्हणून मी पहिली गेले आणि माझं खरं ते सांगितलं. गल्लीच्या टोकाला एक पिवळा कुत्रा बसायचा, त्याला मी फार भ्यायचे, शाळेला लांबून वळसा घालून जायचे. एक दिवस प्रार्थना केली आणि त्याच्यासमोरून चालत गेले. धावले नाही. मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं की कोणीतरी माझ्याबरोबर आहे.

बाहेर आले तर दादा भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. "तू काय सांगितलंस?" मी सांगितलं. तो आत गेला आणि हेच सांगून आला. एक घर, एक गल्ली, एक कुत्रा, त्यामुळे वडीलजनांना काही वावगं वाटलं नाही. गंमत म्हणजे दादा त्या कुत्र्याला कधीच भ्यायचा नाही. डब्यातल्या पावाची कड रोज त्याला घालायचा. कुत्रा त्याच्या मागे मागे शाळेपर्यंत जायचा.

हौदातून वर येणाऱ्याला वरच्या पायरीवर घरच्यांनी टॉवेल घेऊन उभं राहायची आपली रीत आहे. आईने दोघांत मिळून एकच आणला होता. मोठा म्हणून दादा आधी. मला त्याचाच ओला मिळाला.

असो. मूळ मुद्दा. एप्रिलमध्ये वार्षिक सभा आहे. मी बाहेरची, पण तू सभासद आहेस, तुला हात आहे. बाबांची भीड सोड आणि एकतीस नावं पुस्तिकेत घालायचा ठराव कोणाकडून तरी मांडून घे.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी दारातच उभ्याने वाचलं आणि मग आत येऊन खाली बसले.

तो कुत्रा तुझा होता?

बाप्तिस्म्याच्या उमेदवारांच्या शनिवारच्या वर्गात बाबा ती गोष्ट एक्केचाळीस वर्षं सांगत आले आहेत. वर्गातलं बाहेर बोलायचं नाही असा नियम असल्यामुळे तुझ्या कानावर आली नसेल. मी पंधरा वर्षांची असताना ऐकली. तुझेच शब्द. धावलो नाही, मागे वळून पाहिलं नाही. किल्लीवाले काका म्हणतात, त्या गोष्टीनेच मी पाण्यात उतरलो.

त्या संध्याकाळी बाबा सफरचंद सोलत होते. मी विचारलं, बाबा, तुम्ही त्या पिवळ्या कुत्र्याला भीत होता का?

"नाही," म्हणाले. "पाव घालायचो त्याला."

पूर्ण साल एका पट्टीत उतरवली. मग सगळं सांगितलं. बोलताना काही विसरले नाहीत, अडखळले नाहीत. आत्या, पुसलं काहीच जात नव्हतं. ज्या गोष्टीवर आयुष्य उभं केलं ती पहिल्यांदा हाताने लिहायची वेळ आली आणि त्यांचा हात चालेना, एवढंच होतं. तोंडाने ती इतकी वर्षं आपसूक येत होती.

हौद त्यांना स्वतःसाठी हवा आहे. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्याच हिशेबाने, पहिल्यांदा. ते म्हणतात, ड्रायव्हरला जो नियम तोच मला. माझ्याही बाबतीत पाणी आधी झालं.

डीकन मंडळींना त्यांनी सोमवारी सांगितलं. नुसता गोंधळ. किल्लीवाले काका तर रडकुंडीला आले. त्यांचा बाप्तिस्मा बाबांच्या पहिल्याच वर्षातला, आणि बाबा म्हणतात तेव्हा मी स्वतःच विश्वासात नव्हतो. काकांनी विचारलं, मग माझं काय? बाबा म्हणाले, तुमचं पाणी तुमच्या विश्वासावर उभं आहे, देणाऱ्याच्या नाही. निश्चिंत घरी जा. ते गेले, पण निश्चिंत नाही. आता सगळ्यांनी ठरवलंय की बाबा थकले आहेत, वयामुळे मनाचे खेळ चालले आहेत. समारंभ उरकायचा, माणसाला विश्रांतीला पाठवायचं. बाबांकडे पुरावा नाही. आजोबा गेले, ते वडीलजन गेले. अकरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय होतं हे कोण सांगणार?

बाबांना खुळ्यात काढतील, आत्या. एक्केचाळीस वर्षं ज्यांना खरं बोला म्हणून सांगितलं तेच लोक, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यांत खऱ्या वाक्यावर डोकं फिरल्याचा शिक्का मारतील.

आणि मला हात नाही. तू मला सभासद समजतेस, मी ते कधी सुधारलं नाही, लाज वाटायची. माझ्याबरोबरची सात मुलं हौदात उतरली त्या आठवड्यात बाबा स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, "हे तुझं आहे की माझं?" मी म्हटलं, तुमचं. म्हणाले, "मग उतरू नकोस." बस. पाळकाची मुलगी कोरडी राहिली म्हणून लोकांनी काय काय बोलून घेतलं. डीकन तीनदा घरी आले. बाबांनी तो विषय माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही. मी चव्वेचाळीसची झाले, दर रविवारी मागच्या बाकावर बसते आणि वहीत माझं नाव नाही. खोडायलासुद्धा नाही.

मला वाटायचं त्यांनी माझी आशा सोडली. आता वाटतं, त्यांना जो प्रश्न कोणी विचारला नाही तो त्यांनी मला विचारला.


६ मार्च

छोटी,

एकोणतीस वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा कामाचंच लिहितो.

तू मुलीला लिहिलेलं पत्र मी वाचलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पावाची कड मी विसरलो होतो, ती वाचून कुत्रा डोळ्यांसमोर आला.

मी विश्वासात कधी आलो ते सांगतो, कारण तू विचारशील. पाळक होऊन चार वर्षं झाली होती. एका मंगळवारी शिडीवर चढून सभागृहातला दिवा बदलत होतो. रविवारचा उपदेश तोंडातल्या तोंडात घोकत होतो आणि लक्षात आलं की जे म्हणतो आहे ते मला खरंच म्हणायचं आहे. दुसरं काही घडलं नाही. खाली उतरून बाकावर बसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुझा कुत्रा तोवर इतका घोटून गुळगुळीत झाला होता, आणि शिडी नि दिवा यांत सांगण्यासारखं काय होतं? पुढच्या शनिवारी वर्गात पुन्हा कुत्राच सांगितला. ते माझं पाप आहे. त्याला बालपणाची सबब नाही.

माझी अडचण अशी. मी सांगतो ते मनाचे खेळ आहेत असं मंडळीला वाटतं. त्या दिवशी दाराबाहेर उभी असलेली तू एकटीच हयात आहेस. तू काय ऐकलंस आणि काय पाहिलंस ते एका कागदावर लिहून सही करून पाठव. मी तो सभेत वाचायला देईन.

हे माफीचं पत्र नाही. शिवणकामवालीच्या बाबतीत शास्त्र काय सांगतं याविषयी माझं मत बदललेलं नाही. सभेत स्त्रियांनी बोलण्याविषयीही नाही. तुला हे आवडणार नाही. पण खोटं गोड लिहून तुझी मदत घेतली, तर अकराव्या वर्षी केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल.

दादा


१० मार्च

दादा,

कागद मिळणार नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी फाडणार होते. चौथ्या वेळी वाटलं, एवढं सरळ पत्र मला आयुष्यात कोणी लिहिलेलं नाही, आणि त्याचा जास्तच राग आला.

तुला माझे शब्द हवेत, माझं तोंड नको. माझी सही चालेल, माझा आवाज चालणार नाही. कोणीतरी पुरुष उभा राहील, चष्मा पुसेल आणि माझी साक्ष पुटपुटत वाचून दाखवेल, आणि मी बाहेर फुटपाथवर वाट बघत उभी. दादा, एकदा माझे शब्द घेऊन तू आत गेलास आणि मी दाराबाहेर उभी राहिले. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. आता मी एकाहत्तरची आहे.

मी सांगेन. सगळं सांगेन, पाव आणि कुत्र्यासकट. पण माझ्या पायांवर उभी राहून, माझ्या तोंडाने, त्याच सभागृहात. आणि या वेळी नोंद होईल. हे तुझ्या शास्त्रात बसत नसेल तर तू तुझं शास्त्र सांभाळ, मी माझा कुत्रा सांभाळते.

छोटी


१९ मार्च

आत्या,

बाबांनी तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, "नाही. मला वाचवण्यासाठी नियम वाकवायचा नाही." जेवताना दोनदा हेच म्हणाले. तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून किल्ली टाकून द्यावी असं मला वाटलं.

त्याऐवजी मी नियमावली काढली. बाबांच्या हस्ताक्षरातली मूळ प्रत, पंचाण्णव पानं. दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये भिंगाखाली वाचत होते, शाई फार पुसट झाली आहे. एकसष्टाव्या पानावर आहे: "ज्याच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न सभेपुढे असेल त्याला पूर्वीपासून ओळखणारी कोणतीही व्यक्ती त्याच्याविषयी साक्ष देण्यास सभेपुढे उभी राहू शकेल. ती व्यक्ती सभासद असण्याची अट नाही." समासात वर्ष आहे. ड्रायव्हरच्या प्रकरणाचंच वर्ष. त्याची घरमालकीण सभासद नव्हती, तिचं म्हणणं ऐकता यावं म्हणून बाबांनी हे कलम स्वतः घातलं. आत्या, ती बाई होती. उभी राहून बोलली होती. तेव्हा बाबांना ते चाललं, कारण ती शिकवायला उभी नव्हती, पाहिलेलं सांगायला उभी होती.

मी ते पान बाबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"अक्षर माझंच आहे," म्हणाले. मग पान माझ्याकडे परत सरकवून म्हणाले, "तिला सांग, पाहिलं तेवढंच सांगायचं. भाषण नाही."

पण एक गोष्ट आधी व्हावी लागते. सभासद असलेला माणूस उमेदवार होऊ शकत नाही. म्हणून काल बाबांनी राजीनामा दिला आणि वही उघडून स्वतःच्या नावावर स्वतः रेघ मारली. बत्तिसावी. नियमाप्रमाणे पत्र जायला हवं म्हणून ते किल्लीवाल्या काकांच्या पुढ्यात बसून राहिले आणि काकांनी तीन ओळी लिहिल्या. आज सकाळी टपालात तपकिरी पाकीट होतं. बाबांनी उघडलं, वाचलं, कोट चढवला आणि निघाले. मी विचारलं, कुठे? म्हणाले, विचारायला.

सभा एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी. अंथरूण तुझ्यासाठी माझ्या खोलीत घातलंय.


१४ एप्रिल

ज्यांची नावं खोडली गेली त्या सर्वांना,

आपण आता बत्तीस आहोत. बत्तिसाव्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. उरलेल्या एकतिसांचं खोडणाराही तोच होता.

परवाची सभा कशी झाली ते माझ्याकडून ऐका, कारण तुमच्यापर्यंत दहा तऱ्हांनी पोचेल. मी थेट सभागृहावर गेले, तिथे दारात तो मला भेटला. केस पूर्ण गेले आहेत. पँट मात्र मापात होती. म्हणाला, "विचारायला आलीस?" मी म्हटलं, "नाही. सांगायला आले." म्हणाला, "बरं." एकोणतीस वर्षांनी आमचं बोलणं एवढंच झालं.

अध्यक्षाच्या खुर्चीत किल्लीवाले होते. तो समोर उमेदवाराच्या बाकावर, एकटा. त्याने शिडी आणि दिवा सांगितला. तीन मिनिटं, हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. मी या माणसाचे शेकडो उपदेश ऐकलेत, इतकं साधं बोललेलं ऐकलं नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं की वयाने असं वाटतं, आणि मला उठवलं. मी कुत्रा सांगितला, पावाची कड सांगितली, दाराबाहेरचा पांढराफटक चेहरा सांगितला. चार मिनिटांत बसले. बसल्यावर चिटणीसाला विचारलं, नोंद झाली का? तो म्हणाला, झाली. मी म्हटलं, वाचून दाखव. त्याने दाखवली. माझ्यासाठी सभा तिथेच संपली होती.

चौसष्ट हात वर गेले, अकरा खालीच राहिले.

निरोप समारंभ रद्द झाला आहे, पुस्तिकाही निघणार नाही. त्याच रविवारी, त्याच वेळी, बाप्तिस्मा आहे. हौदाची गळती बंद झाली आहे. किल्लीवाले गुडघ्याला पट्टा बांधून पाण्यात उतरणार आहेत.

आता मी तुमच्याकडे जे मागणार आहे त्याचा तुम्हाला राग येईल. मलाही आला होता, म्हणून समजू शकते. या माणसाने आपली माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. शिवणकामवालीविषयी तो चुकला आहे, माझ्याविषयी चुकला आहे, हे मी तेव्हाही म्हटलं आणि मरेपर्यंत म्हणेन. पण आयुष्यभर मी मालकांशी भांडले, साहेबांशी भांडले, पुढाऱ्यांशी भांडले. दुसऱ्यांना मोजायचं माप एक आणि स्वतःला मोजायचं दुसरं, हे मी प्रत्येकाच्या खिशात पाहिलं. ज्या मापाने आपल्याला मोजलं त्याच मापापुढे स्वतःहून उभा राहिलेला आणि "मी कमी भरलो" असं चारचौघांत म्हणणारा एकच माणूस मला भेटला. "दार उघडे आहे" असं एकतीस वेळा लिहिणारा, आणि आपल्यापैकी कोणीच गेलं नाही त्या दारात विचारायला जाणारा पहिला तोच.

हौदाच्या वरच्या पायरीवर त्याचं माणूस म्हणून उभं राहणारं वहीत कोणी नाही. बायको गेली. मुलीचं नाव वहीत नाही, बहिणीचं खोडलेलं. टॉवेल कोणी धरायचा याविषयी नियमावलीत एक ओळही नाही. पंचाण्णव पानं मी स्वतः तपासली आहेत. शिवणकामवालीने मला काल कळवलं की ती येणार आहे. का येणार ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुमची पत्रं या पाकिटातून परत पाठवते आहे. ठेवा, फाडा, तुमची मर्जी. मला आता ती वाचायची नाहीत, आणि त्या दिवशी तुमचे हात रिकामे हवेत.

मे महिन्याचा पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. पुढच्या दाराने आत या, व्यासपीठाच्या उजव्या पायऱ्यांपाशी माझ्या शेजारी उभे राहा, आणि येताना प्रत्येकाने एक टॉवेल आणा. कोरडा आणा.

भोंगाबाई